इंधनाचे कॅलरीमूल्य

ठरावीक वजनाचे इंधन पूर्णपणे जळाल्यावर जितकी उष्णता बाहेर पडते, ते त्या इंधनाचे कॅलरीमूल्य. वायुरूप इंधनासाठी वजनाऐवजी बहुधा घनमीटर धरतात. दर किलोमागे हायड्रोजनचे कॅलरीमूल्य १४२ मेगाज्यूल, मिथेनचे ५५.५, पेट्रोलचे सुमारे ४६, शुद्ध कार्बनचे ३२.८ आणि पूर्ण वाळलेल्या लाकडाचे २० च्या आसपास असते.

ही उष्णता इंधनात ‘साठवलेली’ असते आणि बंध तुटले की ती मोकळी होते, असे सर्रास सांगितले जाते. हे विधान चुकीचे आहे. रासायनिक बंध तोडायला नेहमी ऊर्जा खर्चावीच लागते. ऊर्जा मिळते ती नवे बंध जुळताना. मिथेनचा हिशेब मांडून पाहता येतो. मिथेनच्या एका मोलमधले (मोल म्हणजे रेणूंची संख्या मोजण्याचे रसायनशास्त्रातले एकक) कार्बन-हायड्रोजनचे चार बंध (प्रत्येकी ४१३ किलोज्यूल) आणि ऑक्सिजनच्या दोन मोलमधले दुहेरी बंध (प्रत्येकी ४९८) तोडायला एकूण २,६४८ किलोज्यूल लागतात. त्यातून कार्बन डायऑक्साइडमधले कार्बन-ऑक्सिजनचे दोन दुहेरी बंध (प्रत्येकी ७९९) आणि पाण्याच्या वाफेतले ऑक्सिजन-हायड्रोजनचे चार बंध (प्रत्येकी ४६३) तयार होताना ३,४५० किलोज्यूल परत मिळतात. फरक ८०२ किलोज्यूल, आणि शेगडीवर येते ती एवढीच. खर्चाची रक्कम आधी भरावी लागते, म्हणून काडी ओढावी लागते. एकदा ज्योत पेटली की पुढचा खर्च तिच्याच उष्णतेतून भागतो.

या हिशेबातला खरा कमकुवत दुवा इंधनाचा नसून ऑक्सिजनचा आहे. त्याचा दुहेरी बंध दुहेरी असूनही तुलनेने लेचापेचा असतो, आणि त्याच्या जागी येणारे बंध कितीतरी भक्कम असतात. ब्रिटिश अभियंते डब्ल्यू. एम. थॉर्नटन यांनी १९१७ साली याला जुळणारी एक गोष्ट दाखवून दिली : कोणतेही सेंद्रिय इंधन घेतले, तरी जळताना खर्च झालेल्या ऑक्सिजनच्या दर ग्रॅममागे उष्णता जवळपास सारखीच, सुमारे १३ किलोज्यूल, निघते. मिथेनसाठी हा आकडा १२.५ येतो, प्रोपेनसाठी १२.८, अल्कोहोलसाठी १२.९. आगीची चाचणी घेणाऱ्या प्रयोगशाळा आज याच नियमावर चालतात. जळणाऱ्या सोफ्याची उष्णता थेट मोजत बसण्यापेक्षा धुरातला ऑक्सिजन किती घटला ते पाहणे सोपे पडते. घरगुती गॅसच्या १४.२ किलोच्या सिलिंडरमधून सुमारे ६५० मेगाज्यूल, म्हणजे विजेच्या हिशेबाने १८० युनिट उष्णता मिळते; पण त्यासाठी स्वयंपाकघरातल्या हवेतून जवळजवळ ५१ किलो ऑक्सिजन खर्ची पडतो. त्याचे बिल येत नाही, म्हणून तो कोणी मोजत नाही.

इथेनॉलचे कोडेही यातूनच सुटते. त्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू आधीच असतो. म्हणजे ते थोडेसे ‘जळून आलेले’ इंधन आहे. हवेतून कमी ऑक्सिजन घेते, म्हणून उष्णताही कमी देते : किलोमागे २९.७ मेगाज्यूल, आणि लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. त्यामुळे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या एका लिटरमधली उष्णता ६ ते ७ टक्क्यांनी घटते. इथेनॉलचा ऑक्टेन अंक, म्हणजे इंजिनातल्या दाबाखाली अवेळी न पेटण्याची क्षमता, मात्र जास्त असतो, आणि त्यासाठीच बनवलेले इंजिन यातली थोडी तूट भरून काढू शकते. याच वाटेने टोकाला गेले की स्फोटके येतात. टीएनटीची स्फोटऊर्जा किलोमागे फक्त ४.२ मेगाज्यूल धरतात, सरपणाच्या पाव भागाहूनही कमी, कारण त्याला हवेची वाट न पाहता रेणूतल्याच ऑक्सिजनवर भागवावे लागते. त्याचा दरारा उष्णतेचा नाही, वेगाचा आहे.

कॅलरीमूल्य मोजण्याचे प्रमाण साधन म्हणजे बाँब कॅलरीमापक. ते फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्सेलँ बर्तेलो यांच्या कामातून आले. पोलादी भांड्यात साधारण एक ग्रॅम नमुना ठेवून आत सुमारे ३० वातावरण दाबाचा ऑक्सिजन भरतात, तारेने ठिणगी देतात आणि भोवतालच्या पाण्याचे तापमान किती चढले ते पाहतात. उपकरणाची पारख बेंझॉइक आम्लाने करतात. त्याच्या एका ग्रॅममधून २६.४३ किलोज्यूल निघतात हे पक्के ठरलेले आहे.

बंद भांड्यात ज्वलनाने तयार झालेली वाफ पुन्हा पाणी होते आणि आपली अप्रकट उष्णता परत करते. असे मिळालेले मूल्य ते स्थूल कॅलरीमूल्य. चुलीत किंवा इंजिनात वाफ धुराबरोबर निघून जाते, म्हणून तिथे निव्वळ मूल्यच कामाचे. मिथेनसाठी स्थूल मूल्य मोलमागे ८९०, तर निव्वळ ८०२ किलोज्यूल. ‘सुक्याबरोबर ओलेही जळते’ ही म्हण रसायनशास्त्राला मान्य आहे, मात्र ओल्याचा भुर्दंड सुक्याला बसतो. ताज्या तोडलेल्या, निम्मे पाणी असलेल्या एक किलो लाकडात जळण्याजोगे मुळात अर्धा किलोच असते. शिवाय पाण्याची वाफ करण्यात एक मेगाज्यूलहून अधिक जाते आणि हाती येतात जेमतेम ८.

हे सारे ज्वलन पूर्ण झाले असे गृहीत धरून. कार्बन अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइडवर थांबला, तर मोलमागे ३९३.५ ऐवजी ११०.५ किलोज्यूलच मिळतात. फुंकणीने चुलीत हवा घालणे किंवा बर्नरची भोके साफ ठेवणे हा उरलेल्या ७२ टक्क्यांच्या वसुलीचाच उद्योग आहे. पिवळी ज्योत आणि पातेल्याच्या बुडाची काजळी ही ती वसुली बुडाल्याची खूण.

भारतात कॅलरीमूल्याला सर्वांत रोख अर्थ आहे तो कोळशाच्या बाजारात. १ जानेवारी २०१२ पासून बिगरकोकिंग कोळशाची (पोलाद उद्योगाला लागणारा कोक ज्यापासून करत नाहीत, अशा कोळशाची) प्रतवारी स्थूल कॅलरीमूल्यावर होते. किलोमागे ७,००० किलोकॅलरींच्या वर जी-१, आणि तिथून ३००-३०० च्या पायऱ्यांनी उतरत २,२०१ ते २,५०० ला जी-१७. भारतीय कोळशात राख भरपूर, आणि राख काहीच उष्णता देत नाही. पावसाळ्यात त्यात पाण्याची भर पडते. चंद्रपूर परिसरातल्या खाणींचा कोळसा असो की झारखंडचा, दर प्रतीवर ठरतो. त्यामुळे नमुना ढिगाच्या कोणत्या भागातून आणि किती ओला असताना उचलला, यावर खाण आणि वीजकेंद्र यांच्यात वाद झडू शकतो.