बोरघाटातले दोन टक्के

लोणावळ्याला माझ्या इलेक्ट्रिक गाडीत ४१ टक्के बॅटरी होती आणि घाट उतरून खोपोलीला पोचलो तर ४३. एसी चालू, आम्ही तिघं गाडीत, डिकी सामानाने भरलेली, आणि तेरा-चौदा किलोमीटर चालवून उलट दोन टक्के जमा झालेले. मी वीस वर्षं पेट्रोलच्या गाड्या चालवल्या, मारुती ८०० पासून सुरुवात केली, पण टाकीतला काटा चालता चालता वर सरकलाय असं कधी बघितलं नव्हतं. त्यामुळे पहिल्यांदा हे झालं तेव्हा घरी जाऊन वही घेऊन बसलोच, की हे दोन टक्के आले कुठून आणि दोनच का, दहा का नाही.

हिशोब शाळेतलाच आहे. गाडी १४०० किलोची, आम्ही आणि सामान धरून १६०० किलो. लोणावळा समुद्रसपाटीपासून साधारण ६२० मीटर उंच आणि खोपोली साठेक मीटर, म्हणजे साडेपाचशे मीटर उतरलो. वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची केलं की ८६ लाख ज्यूल येतात. लाईट बिलावर जे युनिट असतं ते ३६ लाख ज्यूलचं, म्हणजे नुसतं वर उभं असण्यामुळे गाडीच्या खात्यात २.४ युनिट होते. माझी बॅटरी ३० युनिटची आहे, त्यामुळे २.४ म्हणजे ८ टक्के झाले. मग उरलेले सहा टक्के कुठे गेले? साधारण एक युनिट टायर रस्त्यावर घासण्यात आणि हवा कापण्यात गेलं, ते कुठल्याही गाडीत जातंच. पाव युनिटच्या वर एसीने खाल्लं. राहिलेली ऊर्जा चाकाकडून मोटरकडे, मोटरकडून इन्व्हर्टरमधून (मोटर आणि बॅटरीच्या मधलं, वीज बदलून देणारं सर्किट) बॅटरीत जाताना प्रत्येक टप्प्यावर थोडी थोडी गळाली, आणि शेवटी अर्ध्या युनिटच्या जरा वर हाताला लागलं. तेच दोन टक्के.

ते कमी वाटतील कुणाला, पण पेट्रोलच्या गाडीत काय होतं ते बघा. टायर-हवेचा खर्च वजा जाऊन जे १.४ युनिट उरतात ते सगळे ब्रेकच्या डिस्क तापवण्यात आणि इंजिनात घुसमटून संपतात. एवढ्या उष्णतेत १६ लिटर पाणी, म्हणजे जवळजवळ एक बादली, उकळेल. घाटात खिडकी उघडी ठेवली की पुढच्या ट्रकच्या ब्रेक लायनरचा तो जळका वास येतो ना, तो याच ऊर्जेचा वास आहे. इलेक्ट्रिक गाडीत पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलला की मोटरच जनरेटर होते, कारण दोन्ही मुळात एकच मशीन आहे: तारेत वीज सोडली तर फिरतं, आणि बाहेरून फिरवलं तर वीज देतं. फॅरेडेने १८३१ मध्ये ते दुसरं टोक दाखवलं. मुंबईकर तर हे रोज बघतात, फक्त लक्षात येत नाही. विजेवरची लोकल १९२५ पासून धावते आहे, आणि आताच्या नव्या लोकल स्टेशनात शिरताना ब्रेक लावतात तेव्हा तयार झालेली वीज वरच्या तारेत परत जाते आणि त्याच तारेवर पुढे सुटणारी दुसरी लोकल ती वापरते.

आता ३० युनिट म्हणजे किती, हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण माझ्या मते इलेक्ट्रिक गाडीतल्या सगळ्या गोष्टींची किल्ली तिथे आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. म्हणजे माझी अख्खी बॅटरी, दोनशे किलोच्या वर वजनाची, सीटखाली पसरलेली, तिच्यात सव्वातीन लिटर पेट्रोलएवढीच ऊर्जा आहे! सव्वातीन लिटरात माझी जुनी गाडी पन्नासेक किलोमीटर जायची, आणि ही दोनशेच्या पुढे जाते. ऊर्जा तेवढीच, अंतर चौपट, हे कसं?

याचं उत्तर इंजिनात आहे, आणि हे लिहिताना मला थोडं वाईटही वाटतं कारण इंजिनावर माझं मनापासून प्रेम आहे, चांगल्या ट्यून केलेल्या इंजिनाचा आवाज मी अजूनही लांबून ओळखतो. पण इंजिन आधी पेट्रोल जाळून उष्णता करतं आणि मग त्या उष्णतेतून काम काढतं, आणि उष्णतेतून काम काढायचं तर तिचा मोठा हिस्सा थंड बाजूला सोडावाच लागतो, त्यातून सुटका नाही. सादी कार्नो या फ्रेंच इंजिनिअरने हे १८२४ मध्येच मांडलं होतं, मोटारगाडी यायच्या साठ वर्षं आधी. रोजच्या चालवण्यात पेट्रोलच्या चार भागांतला जेमतेम एक भाग चाकापर्यंत पोचतो, बाकीचे रेडिएटर आणि सायलेन्सरमधून बाहेर. मोटरला ही अट नाही, कारण ती उष्णतेच्या वाटेने जातच नाही, आणि म्हणून दिलेल्या विजेतली ८५-९० टक्के ती चाकाला देते.

घरातली उदाहरणं घ्या. मिक्सर चालू असताना खालच्या जाळीतून अंधारात बघितलं तर आत निळसर ठिणग्या दिसतात आणि जरा जास्त वेळ चटणी वाटली की एक वास येतो. ते कार्बन ब्रश, फिरणाऱ्या भागावर घासून वीज पोचवणारे. जुन्या पद्धतीचा सीलिंग फॅन ७५ वॅट खातो आणि आता जे बीएलडीसी, म्हणजे बिनब्रशच्या डीसी मोटरचे, फॅन सगळीकडे लागतायत ते ३० वॅटच्या आसपास तेवढंच वारं देतात, कारण त्यांच्या फिरणाऱ्या भागात कायमचे चुंबक बसवलेत आणि कुठल्या वेटोळ्यात कधी वीज सोडायची ते एक छोटं सर्किट ठरवतं. मिक्सरसारखे ब्रश नाहीत, घासाघीस नाही. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांमधली मोटर याच घराण्यातली आहे, फक्त चुंबक निओडिमियमचे, जास्त ताकदवान, आणि सर्किट शेकडो अँपिअर हाताळणारं. त्यामुळे ज्याच्या घरी बीएलडीसी फॅन आहे त्याच्या डोक्यावर ईव्हीची मोटर फिरतेच आहे.

पिकअपचंही तेच. इंजिनाला रेस दिल्याशिवाय, फेरे वाढल्याशिवाय जोर येत नाही, म्हणून क्लच, म्हणून गिअर. मोटर शून्य फेऱ्यांवर पूर्ण जोर देते, सिग्नल सुटला की गाडी सरळ निघते, मध्ये काही झटका नाही. आणि हे काही आत्ताचं नाही बरं का. रस्त्यावरच्या गाडीने ताशी १०० किलोमीटरचा वेग पहिल्यांदा ओलांडला तो १८९९ मध्ये, पॅरिसजवळ, बेल्जियमच्या कामीय जेनात्झीने, आणि ती गाडी इलेक्ट्रिक होती. मग १९१२ मध्ये कॅडिलॅकमध्ये सेल्फ स्टार्टर आला, हँडल मारायची कटकट गेली, पेट्रोल स्वस्त होत गेलं आणि इलेक्ट्रिक गाडी मागे पडली. गंमत म्हणजे तो सेल्फ स्टार्टर हीसुद्धा एक इलेक्ट्रिक मोटरच. आपल्याकडे २००१ मध्ये बंगलोरहून रेवा ही छोटी इलेक्ट्रिक गाडी आली तेव्हा तिच्यात शिशाच्या बॅटऱ्या होत्या, तिची झेप तिथेच अडत होती. लिथियम-आयन सेल १९९१ मध्ये बाजारात आले ते कॅमेऱ्या-बिमेऱ्यासाठी, गाडीला परवडण्याएवढे स्वस्त व्हायला त्यांना पुढे बरीच वर्षं लागली. आता भारतात बऱ्याच गाड्यांमध्ये लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल असतात, ते उष्णता जास्त सहन करतात. त्यावरचा मूळ पेपर १९९७ चा आहे, जॉन गुडइनफ या शास्त्रज्ञांच्या टेक्सासच्या प्रयोगशाळेतला, आणि त्यावर त्यांच्याबरोबर पाढी आणि नंजुंडस्वामी ही आपल्याकडची नावं आहेत, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

तर सव्वातीन लिटरच्या टाकीवर चालायचं म्हटलं की प्रत्येक खर्च दिसायला लागतो. सगळ्यात मोठा खर्च म्हणजे वारा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० वरून १२० वर गेलात तर वेग दीडपट आणि विरोध सव्वादोनपट. माझी गाडी एक्सप्रेसवेवर ८० ने किलोमीटरला १३० वॅट-तास (हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट) घेते आणि १०० ने १६५, म्हणजे फक्त वीसने वेग वाढवला तर रेंजमधले पन्नास किलोमीटर कमी. पेट्रोल गाडीतही वारा तेवढाच आडवा येतो, पण तिथे इंजिन हळू चालवताना एवढं वाया घालवत असतं की वाऱ्याचा खर्च त्यात झाकला जातो. म्हणून पेट्रोलची गाडी हायवेला जास्त अ‍ॅव्हरेज देते आणि इलेक्ट्रिक गाडी शहरात, हे बरोबर उलटं आहे आणि नवीन गाडी घेणाऱ्याला हे कोणीतरी आधी सांगायला पाहिजे. कंपनी जी रेंज सांगते ती टेस्ट रोलरवर होते, एसी बंद, वेग ९० च्या वर जात नाही, त्यामुळे तो आकडा खोटा नसतो पण आपल्या वापराचाही नसतो.

एसीबद्दल लोकांचा मोठा गैरसमज असतो. एसी किलोमीटरवर खात नाही, तासावर खातो. सव्वा किलोवॅट धरा. ८० च्या वेगाने चाललात तर किलोमीटरमागे १५ वॅट-तास, काहीच नाही. पण संध्याकाळी हिंजवडीच्या गर्दीत ताशी १५ ने सरकताय, तर तोच एसी किलोमीटरमागे ८० वॅट-तास घेतो. उन्हाळ्यात शहरातली रेंज एकदम घसरते ती यामुळे, बॅटरी खराब झाली म्हणून नाही.

चार्जिंगला ८० टक्क्यांनंतर एवढा वेळ का लागतो हाही नेहमीचा प्रश्न, आणि मोबाईललाही तसंच होतं. सेलच्या एका बाजूला ग्रॅफाइट असतं, चिरोट्यासारखे पापुद्रे एकावर एक, आणि चार्ज करताना लिथियमचे आयन त्या पापुद्र्यांच्या मध्ये जाऊन बसतात. सुरुवातीला सगळे पापुद्रे रिकामे, पटापट बसतात. शेवटी शेवटी जागा शोधत आत सरकावं लागतं, आणि अशा वेळी जोर केला तर ते आत जायच्या ऐवजी पृष्ठभागावरच धातूचा थर होऊन साचतात, आणि तो थर सेलला घातक. म्हणून गाडी स्वतःच चार्जरला सांगून करंट कमी करते. फास्ट चार्जरवर ८० झालं की निघायचं, मागे रांगेत कोणी असेल तर नक्कीच, शेवटच्या वीस टक्क्यांना पहिल्या पन्नासएवढा वेळ जातो कधीकधी.

घरचं चार्जिंग पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर आरामात होतं, रात्रभरात, पण एक गोष्ट मी गावी शिकलो. साताऱ्याजवळ मामाकडे गेलो, अंगणातल्या सॉकेटला चार्जर लावला तर लाल दिवा. दुसरा सॉकेट, लाल दिवा. मामा म्हणाला, "अरे, फ्रिज, टीव्ही, मोटार सगळं चालतंय की इतकी वर्षं, तुझ्या चार्जरलाच काहीतरी झालंय." वायरमनला बोलावलं, तो सरळ मागच्या भिंतीकडे गेला, तिथे अर्थिंगचा पाईप होता, मीठ-कोळसा घालून पुरलेला, मे महिन्यात माती पार भेगाळलेली. त्याने मामीकडून दोन बादल्या पाणी मागून त्या खड्ड्यात ओतलं, जरा मुरू दिलं, आणि चार्जर लावला तर हिरवा. कोरडी माती वीज वाहून नेत नाही, ओली आणि खारी माती नेते, एवढंच. फ्रिज बिनअर्थिंगचा चालतो कारण तो विचारत नाही, चार्जर सुरू व्हायच्या आधी विचारतो. त्या घरात तोपर्यंत गीझरचा शॉक बसला असता तर वाचवायला काहीच नव्हतं, हे मामाच्या लक्षात आलं तेव्हा त्याने पुढच्या आठवड्यात नवीन अर्थिंग करून घेतलं.

कोळशाच्या विजेवर चालते मग फायदा काय, असंही विचारतात. एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, आणि आपल्या ग्रिडचं एक युनिट म्हणजे साधारण ०.७ किलो. पंधराचं अ‍ॅव्हरेज धरलं तर पेट्रोल गाडी किलोमीटरला दीडशे ग्रॅम, माझी चार्जरमधली गळती धरून १२० च्या आसपास. आज फरक मध्यम आहे, पण ग्रिडवर सोलर वाढेल तसा माझ्या याच गाडीचा आकडा खाली येत जाईल, पेट्रोल गाडीचा नाही.

आणि घाट उतरताना दोन टक्के मिळाले म्हणून खूश होणाऱ्यांसाठी, चढतानाचा हिशोबही मी मांडून ठेवलाय. उंचीचे २.४ युनिट, टायर आणि हवेचं एक, मोटर-इन्व्हर्टरची गळती धरून चार, एसीसकट ४.३, म्हणजे तेवढ्याच तेरा किलोमीटरला १४ टक्के. मुंबईहून येताना खालापूरच्या फूड मॉलला मी आता चहाच्या आधी टक्के बघतो. पुण्यापर्यंत थेट जायचं तर चाळीसच्या वर लागतात, तेवढे नसतील तर आधी चार्जर लावायचा आणि मग वडापाव घ्यायचा.