सायकलची सीट आधी आतून जाते

मागच्या महिन्यात माझ्या सायकलची जुनी सीट काढली आणि ब्लेडने कव्हर उघडून बघितलं. वरून काहीच झालेलं नव्हतं, रेक्झिन काळंभोर, शिलाईचा एक टाका उसवलेला नाही, आणि आत फोम पिवळा पडलेला, बसायच्या जागी दोन खळगे, चिमटीत धरला तर हातात भुगा. याच सीटवर मी मुलुंड ते बीकेसी जात होतो, गुडघा दुखतोय म्हणून बूट बदलले, पेडल बदलली, सीटकडे मात्र लक्षच गेलं नाही, कारण ती फाटली नव्हती.

आपल्याकडे बहुतेक जण असंच करतात. सीट फाटली की बदलायची, आणि फाटली तरी वरून जेल कव्हर चढवून अजून वर्षभर ढकलायची. पण कव्हर बऱ्याचदा सगळ्यात शेवटी जातं.

सीटमधला स्पंज बहुतेक वेळा पॉलीयुरेथेनचा असतो. जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1937 मध्ये शोधलेलं हे रसायन, आपल्या सोफ्यात, गादीत, बुटाच्या सोलमध्ये सगळीकडे आहे. आत हवेच्या असंख्य बारीक पोकळ्या, आपण बसलो की त्यांच्या भिंती वाकतात, उठलो की सरळ होतात. वाकून वाकून भिंती तुटतात आणि मग फोम दबलेलाच राहतो. हे झालं वापरामुळे. पण मुंबईत दुसरं एक कारण आहे आणि ते सायकल नुसती उभी असली तरी थांबत नाही, ते म्हणजे दमट हवा. पॉलिएस्टर प्रकारच्या पॉलीयुरेथेनमध्ये जे एस्टर बंध असतात ते हवेतली वाफ हळूहळू तोडते, तुटताना आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल पुढची तोडफोड अजून वाढवतं. कपाटात दोन-तीन पावसाळे पडून राहिलेले स्पोर्ट्स शूज बाहेर काढले आणि चार पावलांत सोलचे तुकडे पडले, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांनी हीच केमिस्ट्री बघितलीये. पॉलिईथर प्रकारचा फोम पाण्याला सहसा दाद देत नाही, पण कुठल्या सीटमध्ये कुठला आहे हे दुकानात कळायला काही मार्ग नसतो. म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लास्टिक गुंडाळून ठेवलेली सायकल ‘वापरलीच नाही, सीट नवीच आहे’ असं धरून चालू नका, प्लास्टिकच्या आत तर ओल अजून कोंडते.

अंगठ्याने दाबून बघा. चांगला फोम लगेच वर येतो, मेलेला हळू येतो किंवा येतच नाही. मग मागे उभं राहून, सीटच्या मागच्या भागावर आडवी फूटपट्टी ठेवून दोन्ही बाजू सारख्या उंचीवर आहेत का ते बघा, एक बाजू बसली असेल तर कंबर रोज तासन्‌तास त्या बाजूला कलते.

शरीर काय सांगतं ते मात्र जास्त महत्त्वाचं. आपण बसतो ते ओटीपोटाच्या खालच्या दोन हाडांवर, त्यांच्यातलं अंतर माणसागणिक बदलतं, ढोबळमानाने 10 ते 15 सेंटिमीटर. वजन या दोन हाडांवर पडायला हवं, मधल्या मऊ भागावर नको, कारण तिथून नस आणि रक्तवाहिनी जाते. फोम हाडांखाली खचला की हाडं खाली जातात आणि सीटचा मधला भाग वर टोचायला लागतो, मग मुंग्या, बधिरपणा. अति मऊ जेल सीटवरही बधिरपणा येतो तो याचमुळे. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या सरकारी संस्थेने सायकलवर गस्त घालणाऱ्या पोलिसांवर अभ्यास केला होता, त्यात पुढचं नाक नसलेल्या सीटने मधला दाब आणि बधिरपणा कमी झाल्याचं दिसलं. तर आधी ज्या अंतराला काही होत नव्हतं तिथेच आता बधिर व्हायला लागलं तर सीट संशयित. पहिल्या दिवसापासूनच होत असेल तर ती जुनी झालेली नाही, तुमच्या मापाची किंवा तुमच्या सेटिंगची नाही. आणि बधिरपणा उतरल्यावरही टिकत असेल तर सरळ डॉक्टरकडे जा.

आता रेल, म्हणजे सीटखालच्या दोन दांड्या, ज्या क्लॅम्पमध्ये धरलेल्या असतात. बहुतेक सीटवर त्या 7 मिलिमीटर जाडीच्या. पेडलच्या मिनिटाला 70 फेऱ्या धरल्या तर तासाला 4200, रोज दोन तास आणि महिन्याला 20 दिवस चालवली तर सहा महिन्यांत 10 लाखांच्या वर फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत वजन एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, वर पेव्हर ब्लॉक आणि खड्डे वेगळेच. एका झटक्यात न मोडणारा धातू वारंवारच्या छोट्या ताणाने मोडतो हे जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवलं, साधारण आपली बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू झाली त्याच्या पुढच्या वीसेक वर्षांत. तडा जातो तो बहुतेक क्लॅम्पच्या कडेला किंवा रेल जिथे सीटच्या तळात घुसते तिथे, आणि घामाच्या, समुद्राच्या मिठाने तिथे गंजाचा खड्डा पडला असेल तर तडा तिथूनच सुरू होतो. रेल पुसून त्यावर कापूस फिरवा, धागे अडकले तर नीट बघा. कुरकुर येत असेल तर आधी क्लॅम्प उघडून साफ करून ग्रीस लावा, तरीही राहिली तर तडा शोधा. तडा किंवा वाकलेली रेल दिसली की त्याच दिवशी सायकल बंद, वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतील, त्यांना नाही म्हणा, तुटलेली रेल थेट आपल्या खाली असते.

डबेवाल्यांच्या सायकलसारखी रुंद स्प्रिंगची सीट असेल तर ताठ बसल्यामुळे वजन जास्त सीटवरच येतं, तिथे स्प्रिंग आणि नट बघायचे. चामड्याची सीट ढिली पडली तर पुढचा बोल्ट थोडा आवळून चालते, पण ओली असताना त्यावर बसलात तर आकार कायमचा बिघडतो, आणि पावसाळ्यात बुरशी आहेच.

सीट नवी असतानाच एक माप लिहून ठेवा, क्रँकच्या, म्हणजे पेडलचे दांडे ज्याभोवती फिरतात त्या आसाच्या, मध्यापासून सीटवर जिथे बसतो तिथपर्यंत. मी तेच मॉडेल परत घेतलं, सीटपोस्टची, म्हणजे सीटखालच्या नळीची, खूण हलवली नाही, तरी टेपवर जुनीला 70.4 सेंटिमीटर आले होते आणि नवीला 71.2. म्हणजे मी 8 मिलिमीटर खाली बसून चालवत होतो, सीट खाली गेली की पेडल वर आल्यावर गुडघा जास्त वाकतो आणि वाटीमागचा दाब वाढतो. तीन आठवडे झाले, ऐरोलीच्या पुढचा चढ आता गुडघा न चोळता पार होतोय.