रेनकव्हर घातलं, तरी कपडे ओले का?

पावसाळी ट्रेकच्या आधी हमखास फिरणारा सल्ला: ‘सॅकला रेनकव्हर घाला, सामान कोरडंच राहतं.’

हे अर्धंच खरं. कव्हर बाहेरची बाजू झाकतं, पाठीकडची उघडीच राहते. सह्याद्रीतल्या धो-धो पावसात मानेवरून ओघळलेलं पाणी पाठीच्या पॅडमध्ये मुरतं, पट्ट्यांच्या शिवणींतून आत शिरतं आणि तळाशी साचतं. ‘वॉटरप्रूफ’ कापडाचंही तसंच. लेप कापडाला असतो. शिवणीची भोकं आणि चेन बहुतेक सॅकमध्ये तशाच असतात.

घरीच तपासा. सॅकमध्ये वर्तमानपत्राचे बोळे भरा, कव्हर चढवा आणि पट्ट्यांवर पाणी पडेल अशी दहा मिनिटं शॉवरखाली ठेवा. तळाचे बोळे आधी बघा.

उपाय स्वस्त आहे: आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी, तोंड पिळून दुमडलेली. वर कव्हर हवं तर घाला, पण करवंदीच्या जाळीत ते फाटतं.