विंडोज मायक्रोसॉफ्टला काय काय सांगतं?

नवीन लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला की एकामागून एक स्क्रीन येत जातात, भाषा कुठली, वायफाय कुठलं, मग लोकेशन, डायग्नोस्टिक डेटा, अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी वगैरे, आणि आपण नेक्स्ट नेक्स्ट अ‍ॅक्सेप्ट करत सुटतो कारण आपल्याला कधी एकदा डेस्कटॉप दिसतो असं झालेलं असतं. तो लॅपटॉप पुढे आपल्याबद्दल कंपनीला काय काय कळवणार हे बरंचसं त्या दोन मिनिटांतच ठरून जातं.

या कळवण्याला टेलिमेट्री म्हणतात. विंडोजमध्ये हे काम डायगट्रॅक नावाची सर्व्हिस करते, सर्व्हिसेसच्या यादीत शोधलीत तर तिचं नाव 'कनेक्टेड यूजर एक्सपीरियन्सेस अँड टेलिमेट्री' असं भारदस्त दिसेल. मशीनचं मॉडेल, रॅम, ड्रायव्हर, कुठलं अ‍ॅप कधी क्रॅश झालं, अपडेट कुठे अडकलं हे ती बॅकग्राउंडला बसून टिपत असते, आणि ऑप्शनल डेटा चालू ठेवला असेल तर एज ब्राउझरमध्ये कुठल्या साइट उघडल्या, कुठलं अ‍ॅप कसं वापरलं इथपर्यंत जातं सगळं.

आता हे निव्वळ हेरगिरीसाठी चालतं असं म्हणणंही बरोबर नाही. क्रॅश रिपोर्टचा खरंच उपयोग होतो. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे सीईओ स्टीव्ह बामर यांनी ग्राहकांना पाठवलेल्या पत्रात लिहिलं होतं की २० टक्के बगमुळे ८० टक्के एरर येतात आणि फक्त १ टक्का बग जवळजवळ निम्म्या एररला जबाबदार असतात. म्हणजे कोट्यवधी मशीनवरून रिपोर्ट आले की आधी काय दुरुस्त करायचं ते लगेच कळतं. पण हेच रिपोर्ट दुसऱ्याच्या हाती लागले तर? डिसेंबर २०१३ मध्ये जर्मनीच्या श्पीगल साप्ताहिकाने छापलं की अमेरिकेची एनएसए ही गुप्तचर संस्था विंडोजचे क्रॅश रिपोर्ट वाटेतच वाचत होती, कारण कुठल्या मशीनमध्ये काय बिघडलंय हे कळलं की आत कसं शिरायचं तेही कळतं.

मोठा आरडाओरडा झाला तो २९ जुलै २०१५ ला विंडोज १० आल्यावर. विंडोज ७ आणि ८.१ वाल्यांना एक वर्ष फुकट होतं, त्यामुळे लोक धडाधड अपग्रेड झाले. टेलिमेट्रीच्या चार लेव्हल होत्या, सिक्युरिटी, बेसिक, एनहान्स्ड आणि फुल, पण विंडोजच्या होम आणि प्रो आवृत्तीवाल्यांना बेसिकच्या खाली जाताच येत नव्हतं, सगळ्यात कमीवाली लेव्हल एंटरप्राइज आणि एज्युकेशनसाठी राखीव. ज्याच्याकडे आयटी डिपार्टमेंट आहे त्यालाच बंद करायचा हक्क, असा हा हिशोब मला तरी पटत नाही.

जुलै २०१६ मध्ये फ्रान्सच्या सीएनआयएल या डेटा प्रायव्हसी बघणाऱ्या संस्थेने मायक्रोसॉफ्टला नोटीस दिली, तीन महिन्यांत सुधारा म्हणून. त्यांचं एक म्हणणं असं होतं की बेसिक लेव्हलवरसुद्धा कुठली अ‍ॅप टाकली आणि प्रत्येकावर किती वेळ घालवला हे जातंय, याची गरजच काय. जून २०१७ मध्ये प्रकरण मिटलं तेव्हा बेसिक लेव्हलचा डेटा मायक्रोसॉफ्टने जवळपास निम्म्यावर आणला होता. निम्म्यावर! आणि विंडोज तरी चालतच राहिलं ना, मग तो आधीचा अर्धा डेटा नक्की कशासाठी घेत होते? (सीएनआयएल १९७८ पासून आहे, आपल्याकडे डेटा प्रोटेक्शनचा कायदा २०२३ ला झाला, तर असो.)

यावर कंपन्यांचं ठरलेलं उत्तर म्हणजे आम्हाला तुमच्यात इंटरेस्ट नाही, आम्हाला फक्त आकडेवारी हवी. पण एकेका माणसाबद्दल काही न कळता आकडेवारी काढायची युक्ती १९६५ पासून माहीत आहे, स्टॅनली वॉर्नर नावाच्या संशोधकाने सर्व्हेसाठी मांडलेली. तिचं सोपं रूप असं. समजा हजार लोकांना विचारायचंय, तुम्ही क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर वापरता का. खरं कोण सांगणार? मग प्रत्येकाने गुपचूप नाणं उडवायचं. छापा आला तर खरं उत्तर द्यायचं, काटा आला तर परत उडवायचं आणि आता छापा आला तर 'हो', काटा आला तर 'नाही' म्हणायचं, खरं काहीही असो. समजा ४०० 'हो' आले. त्यातले साधारण २५० नुसते नाण्याचे. उरले १५०, आणि खरं उत्तर निम्म्याच लोकांनी दिलंय म्हणून दुप्पट, म्हणजे हजारात ३०० च्या आसपास लोक वापरतात. गर्दीचा आकडा मिळाला, पण तुमचं 'हो' खरं की नाण्याचं हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही.

आता हेच नाणं कॉम्प्युटरनेच उडवायचं, डेटा मशीनबाहेर पडायच्या आधी. याला लोकल डिफरेन्शियल प्रायव्हसी म्हणतात. गुगलने २०१४ मध्ये क्रोमसाठी केलं, अ‍ॅपलने २०१६ मध्ये आयओएस १० ला आणलं, आणि खुद्द मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी २०१७ मध्ये विंडोजमध्ये अ‍ॅपचा वापर मोजायला वापरलं. यात एक गोची आहे, रोज तोच प्रश्न विचारून रोज नवीन नाणं उडवलं तर महिन्याभराची सरासरी काढून खरं उत्तर बाहेर येतं, म्हणून एकदा काढलेलं उत्तर लक्षात ठेवून तेच परत द्यावं लागतं. हा उपायही त्यांनी लिहून ठेवलाय. म्हणजे जमत नाही असं नाही, तरी सगळ्या टेलिमेट्रीला लावलेलं नाही एवढंच.

आणि फक्त विंडोजलाच झोडपून कसं चालेल. लिनक्स म्हणजे सेफ असं म्हणणाऱ्यांनी २०१२ चं उबुंटू १२.१० (लिनक्सचाच एक प्रकार) आठवावं, स्वतःच्या फाइल शोधायला टाइप केलेले शब्द ते बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन अ‍ॅमेझॉनच्या वस्तू दाखवल्या जायच्या, आणि विरोध झाल्यावर कंपनीचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांचं उत्तर काय, तर रूट अ‍ॅक्सेस (मशीनचा पूर्ण ताबा) आमच्याकडे आहेच की. उद्धट होतं पण खोटं नव्हतं. अ‍ॅप पटलं नाही तर काढून टाकता येतं, ऑपरेटिंग सिस्टिम सगळ्यांच्या खाली बसलेली असते.

त्यामुळेच २० मे २०२४ ला मायक्रोसॉफ्टने रिकॉल जाहीर केलं तेव्हा लोक दचकले. दर काही सेकंदांनी तुमच्या स्क्रीनचा फोटो, नंतर त्यात सर्च करा म्हणे. मशीनबाहेर काही जात नाही हे खरं, पण सिक्युरिटी रिसर्चर केव्हिन बोमाँट यांनी दाखवलं की त्यातून वाचलेला मजकूर साध्या डेटाबेसमध्ये उघडाच पडलाय, मशीनमध्ये शिरलेला कुठलाही व्हायरस तो उचलू शकतो. ७ जूनला कंपनीने जाहीर केलं की रिकॉल आपोआप चालू नसेल, एनक्रिप्ट असेल, आणि मग पुढेच ढकललं, ते कोपायलट प्लस प्रकारच्या नव्या मशीनवर सगळ्यांसाठी यायला एप्रिल २०२५ उजाडला. पुढच्याच महिन्यात मेसेजिंगवाल्या सिग्नलने आपल्या विंडोज अ‍ॅपची खिडकी स्क्रीनशॉटमध्ये काळी दिसेल अशी सोय करून टाकली.

स्वतःचं बघायचं असेल तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, डायग्नोस्टिक्स अँड फीडबॅक असं जा. ऑप्शनल डेटा तिथे बंद होतो, होम आणि प्रोवर रिक्वायर्ड (पूर्वीचं बेसिक) मात्र होत नाही. तिथेच डायग्नोस्टिक डेटा व्ह्यूअर चालू करता येतो, साधारण १ जीबीपर्यंत जागा खाईल म्हणून आधीच सांगतो. एक दिवस चालू ठेवून तुमचं मशीन काय पाठवतंय ते बघा, कोडसारखं दिसतं पण अ‍ॅपची नावं सहज ओळखू येतात.