ब्रिटन पुन्हा युरोपच्या अन्ननियमांकडे का वळतो आहे?

नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या सदस्य देशांनी ब्रिटनशी अन्नसुरक्षा करारावर बोलणी करायला हिरवा कंदील दाखवला. या बोलण्यांची मुळे ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटन संघातून बाहेर पडण्याच्या, बरीच मागे जातात.

मार्च १९९६. गायींना होणारा ‘मॅड काऊ’ रोग माणसापर्यंत पोहोचला असावा, हे ब्रिटिश सरकारने संसदेत मान्य केले. आठवड्याभरातच संघाने ब्रिटिश गोमांसाची निर्यात बंद केली, तीही केवळ युरोपात नव्हे तर जगभर. ही बंदी १९९९ पासून सैल झाली, पण पूर्ण उठायला २००६ उजाडले. त्या धक्क्यातून २००२ चा युरोपीय अन्न कायदा आला आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणही उभे राहिले. माल शेतातून ताटापर्यंत कुठून कसा आला याचा माग लागलाच पाहिजे, हे या कायद्याचे मूळ सूत्र. ते ठरत होते तेव्हा ब्रिटन त्याच टेबलाशी बसलेला होता, हे विसरून चालणार नाही.

२०२० मध्ये तो टेबलावरून उठला आणि २०२१ पासून संघाच्या बाजारपेठेबाहेर गेला. संघाशी झालेल्या व्यापार करारात आयात शुल्क शून्य होते. तरीही मांस आणि चीजच्या खेपांना आरोग्य प्रमाणपत्र लागू लागले, त्यावर पशुवैद्यकाची सही आली. स्कॉटलंडच्या बटाट्याच्या बेण्याला युरोपचे दार बंद झाले, ताज्या सॉसेजलाही. ज्या छोट्या उत्पादकाला एका पेटीसाठी एवढे कागद परवडत नव्हते, तो या व्यापारातून बाहेर फेकला गेला. ब्रिटनमधून उत्तर आयर्लंडला जाणाऱ्या मालाच्या तपासणीचा प्रश्न तर ब्रिटन आणि संघातल्या २०२३ च्या विंडसर समझोत्यापर्यंत चिघळत राहिला.

मे २०२५ मध्ये लंडनच्या शिखर बैठकीत दिशा ठरली. संघाचे नियम बदलतील तसे ब्रिटनने बदलायचे, खर्चाचा वाटा उचलायचा आणि युरोपीय कायद्याच्या अर्थाबाबत युरोपीय न्यायालयाचा शब्द अंतिम मानायचा. नियम घडताना मत मांडता येईल, मतदान मात्र करता येणार नाही. मला हा सौदा शेतकऱ्यांच्या हिताचा वाटतो. पण ही किंमत लहान नाही, आणि ती लोकांना उघड सांगायला हवी.

आपल्यालाही याची झळ लागते. मे २०१४ मध्ये फळमाशीमुळे संघाने भारतीय आंबा रोखला, तेव्हा युरोपातले त्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक असलेल्या ब्रिटनमध्येही हापूस पोहोचला नाही. ती बंदी २०१५ मध्ये उठली. ब्रेक्झिटनंतर कीटकनाशकांच्या अंशाच्या मर्यादा ब्रिटन स्वतंत्रपणे ठरवू लागला. करार झाला, तर नाशिकच्या द्राक्ष निर्यातदाराला लंडनसाठी आणि नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरासाठी बहुधा पुन्हा एकच तक्ता पाहावा लागेल.