बोल्ट निवडताना: डोक्यावरचा आकडा, जोडीचा नट आणि खारी हवा

'चार सूत कडक बोल्ट द्या' किंवा 'एस.एस. (स्टेनलेस स्टील) द्या, गंज नको'. वर्कशॉप, बार्ज, ट्रॉलर, कुठूनही आलेली मागणी बहुधा अशीच असते. त्यावर आम्ही दोन प्रश्न विचारतो: बोल्ट कुठे बसणार आणि जुना कोणता होता? ते का विचारतो, हे सांगण्यासाठी हे पत्रक.

आकडा कसा वाचायचा

मिलिमीटरच्या बोल्टच्या डोक्यावर ४.६, ८.८, १०.९ किंवा १२.९ असे ठोकलेले असते. पहिला आकडा गुणिले १०० केला की दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन ओढीवर बोल्ट तुटतो ते कळते. दुसरा आकडा सांगतो की त्या ओढीच्या किती दशांशावर बोल्ट ताणला जाऊन कायमचा लांब होतो. म्हणजे ८.८ चा बोल्ट ८०० ला तुटतो, पण ६४० लाच लांबून निकामी होतो. एम१२ मापाच्या, म्हणजे १२ मिलिमीटर जाडीच्या, ८.८ ला तुटायला सुमारे पावणेसात टन ओढ लागते. त्याच मापाच्या ४.६ ला त्याच्या निम्मी पुरते. डोक्यावर काहीच नसेल तर बोल्ट साधा समजा.

अमेरिकन यंत्रांच्या इंची बोल्टवर आकड्याऐवजी रेषा असतात. तीन रेषा म्हणजे ग्रेड ५, साधारण ८.८ च्या तोडीचा. सहा रेषा म्हणजे ग्रेड ८, आणि तो १०.९ च्या जवळ जातो. 'आठ ग्रेड' ऐकून लोडरला ८.८ लावणे धोक्याचे आहे.

ताकद लागते ती आवळायला

आमच्या मते सगळ्यात कमी समजली गेलेली गोष्ट हीच. आवळलेला बोल्ट स्प्रिंगसारखा ताणलेला असतो आणि त्या ताणाने दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. दाब पुरेसा असेल तर यंत्र हादरले तरी बोल्टवरचा भार फारसा बदलत नाही. दाब कमी पडला की भाग सरकतात, बोल्ट दर हादऱ्याला वाकतो आणि काही महिन्यांनी थकून तुटतो. तेव्हा 'माल कच्चा होता' असे वाटते. पण पुष्कळदा आवळण कच्चे असते. १०.९ आणून तो ४.६ इतकाच आवळला, तर जास्तीचे पैसे वाया जातात.

एम१२ च्या ८.८ ला हलके तेल लावून साधारण ८० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, लागतो. ग्रीस लावले तर तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून ग्रीस लावणार असाल तर आधी विचारा.

नट बोल्टच्या पहिल्या आकड्याइतका किंवा त्याहून वरचा हवा: ८.८ ला ८, १०.९ ला १०. जोडी बरोबर असली तर जास्त आवळल्यावर बोल्ट तुटतो आणि चूक लगेच दिसते. नट हलका असला तर आतले आटे सोलले जातात, वरून काही कळत नाही. वायसरही कडक हवा, १०.९ खाली मऊ वायसर दबत जातो आणि जोड सैल होतो. ८.८ पासून पुढे स्प्रिंग वायसरवर भरवसा ठेवू नका. हादरे असतील तर नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) घ्या, मात्र इंजिनाच्या सायलेन्सरजवळ नको, तिथे नायलॉन टिकत नाही.

गोव्याच्या हवेत

एस.एस. म्हणजे सगळ्यावर उपाय नव्हे. ए२-७० या खुणेचा नेहमीचा एस.एस. बोल्ट ४५० लाच लांबतो. विंचचा ८.८ काढून त्याच मापाचा ए२-७० घातला, तर गंज कमी होईल, पण ताकद तीस टक्के घटेल. ए२ म्हणजे ३०४ जातीचे स्टेनलेस. किनाऱ्यावर त्यालाही तांबूस डाग आणि खड्डे पडतात. खाऱ्या पाण्याशी सतत संबंध येत असेल तर ए४, म्हणजे ३१६, घ्या. ताकदही हवी असेल तर ए४-८०, तो ६०० ला लांबतो. स्टेनलेसचे आटे आवळताना एकमेकांत चिकटून जाम होतात. त्यामुळे अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, हाताने सावकाश फिरवा, इम्पॅक्ट गन वापरू नका.

शेड आणि पत्र्यांच्या सांगाड्याला गरम जस्तात बुडवलेला ८.८ आम्ही सुचवतो. त्याचा नट वेगळा, थोडे मोठे आटे पाडलेला असतो, म्हणून जोडी एकत्रच घ्या. १२.९ च्या, डोक्यात षटकोनी खाच असलेल्या अ‍ॅलन बोल्टला चकाकीसाठी झिंक प्लेटिंग करून मागू नका. प्लेटिंगमध्ये पोलादात हायड्रोजन शिरतो आणि आवळून ठेवलेला बोल्ट काही तासांनी किंवा दिवसांनी अचानक तुटतो.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ट्रॉलरचे सगळे बोल्ट तपासून घ्या. दुकानात येताना जुना बोल्ट, नट, वायसर तिन्ही आणा. तुटलेला असेल तर दोन्ही तुकडे आणा आणि तुटलेली बाजू घासू नका: तो थकून तुटला की एका झटक्यात, हे तिथेच दिसते.