कंपावर कंपनाचा उतारा

एक साधा विणलेला हातमोजा. अंगठा सोडून बाकीच्या चार बोटांच्या टोकांना आतून बटणाएवढी एकेक मोटर शिवलेली, मनगटाशी मोटरी चालवणारा छोटासा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणि बॅटरी, आणि दुसऱ्या हाताला याचीच जोडी. बटण दाबलं की बोटांची टोकं आलटून पालटून घरघरायला लागतात. पार्किन्सन्सचे, म्हणजे कंपवाताचे, रुग्ण किंवा त्यांची मुलंबाळं असे मोजे हल्ली घरीच जुळवतात. ज्याचा हात आधीच थरथरतोय त्याला आणखी थरथर द्यायची, ही कल्पना पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उफराटी वाटते. पण हादऱ्यांनी प्रकृती सुधारण्याचा विचार विजेच्या दिव्यापेक्षाही जुना आहे.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये अबे द सँ-प्येर या विद्वान पाद्र्याने घोडागाडीसारखे हिसके देणारी खुर्ची सुचवली होती. गाडीच्या लांब प्रवासाने प्रकृती सुधारते असा तेव्हाचा समज होता. मग प्रवासाला न जाता घरबसल्या धक्के का खाऊ नयेत, हा त्यांचा साधा हिशोब. ही खुर्ची कुठल्या एका आजारासाठी नव्हती. कंपवात हा वेगळा आजार म्हणून लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी नोंदवला तोच मुळी 1817 मध्ये.

खरी गोष्ट सुरू होते पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात. तिथे मज्जाविकारांचे डॉक्टर ज्याँ-मार्तँ शार्को यांचं राज्य होतं. या आजाराला पार्किन्सनचं नाव त्यांनीच रूढ केलं. त्यांच्या हाताशी औषध म्हणावं असं फारसं काही नव्हतं. बेलाडोनाच्या कुळातल्या वनस्पतींचे अर्क, एवढंच. अशा वेळी रुग्णच येऊन सांगायला लागले की आगगाडीच्या किंवा घोडागाडीच्या लांब प्रवासानंतर बरं वाटतं. गाडी जितकी खडखडेल आणि रस्ता जितका खराब, तितका आराम जास्त. निरोगी माणूस ज्या प्रवासाने मोडून यायचा, त्याच प्रवासातून हे लोक हलके होऊन उतरायचे. शार्कोंनी ही तक्रारीच्या उलटी तक्रार हसण्यावारी नेली नाही, याचं मला नेहमी कौतुक वाटतं. त्यांनी विजेच्या मोटरवर जोरजोरात हलणारी खुर्ची बनवून घेतली, रुग्णांना त्यात अर्धा-अर्धा तास बसवलं आणि 1892 मध्ये हा अनुभव व्याख्यानातून मांडला. ताठरलेलं अंग सुटतं, दुखणं कमी होतं, रात्री झोप लागते, असं रुग्ण सांगत. हाताच्या थरथरीवर मात्र खुर्चीचा फारसा परिणाम दिसला नव्हता. आज कंपन उपचार म्हटलं की लोक आधी थरथरच थांबेल अशी आशा धरतात, म्हणून ही जुनी नोंद लक्षात ठेवावी.

त्यांचे शिष्य जिल द ला तुरेत यांनी हीच युक्ती डोक्यावर नेली. टोपीवाले डोक्याचं माप घेण्यासाठी पोलादी पट्ट्यांचं जे साधन वापरत, त्या धर्तीवर त्यांनी कंप देणारं शिरस्त्राण तयार केलं. ते डोकेदुखी, निद्रानाश आणि उदासीनतेसाठी. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 1893 मध्ये, शार्को वारले आणि खुर्ची मागे पडली. कंपन देणारी यंत्रं मात्र बाजारात गेली आणि बद्धकोष्ठापासून टक्कल पडण्यापर्यंत सगळ्यावर रामबाण म्हणून विकली गेली. वैद्यकाने या प्रकाराकडे पाठ फिरवली ती बरीचशी या जाहिरातबाजीमुळे. मग 1960च्या दशकात लेव्होडोपा आलं. मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन कमी पडतं हे कळलं होतं, ते भरून काढणारी गोळी मिळाली होती. खुर्च्या हलवत बसायला कोणाला वेळ होता?

लेव्होडोपाची मर्यादा काही वर्षांत दिसू लागली. एका गोळीचा असर पुढच्या गोळीपर्यंत टिकेना. अंग आपोआप वळवळायला लागे. चालताना पाय जागीच खिळणं हे तर गोळीला दाद देईनाच असं अनेकांच्या बाबतीत होई. त्यामुळे औषधाच्या जोडीला आणखी काही हवं, ही गरज शिल्लक राहिली. 1980च्या दशकात नॉर्वेत ओलाव स्किले यांनी कमी वारंवारितेचा, म्हणजे खर्जातला, आवाज पलंगातून आणि खुर्चीतून अंगात पोहोचवण्याची पद्धत मांडली. मग हादरणाऱ्या पाटावर उभं करण्याचे प्रयोग आले. 2006 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी 68 रुग्णांना अशा पाटावर एकेक मिनिटाचे पाच हप्ते दिले. थरथर आणि ताठरपणा लगेच उतरल्याचं त्यांनी नोंदवलं; हालचालींच्या गुणांकात सरासरी 17 टक्क्यांच्या आसपास सुधारणा. 2009 मध्ये स्पेनमधल्या चमूने तसाच पाट काही आठवडे वापरून पाहिला, पण कंपन न देता उभा केलेला गटही सोबत ठेवला. सुधारणा दोन्ही गटांत दिसली.

2012 मध्ये शिकागोच्या रश विद्यापीठात ख्रिस्तोफर गेट्झ आणि सहकाऱ्यांनी तर शार्कोंचीच खुर्ची पुन्हा तपासायला घेतली, अर्थात आधुनिक अवतारात. काही रुग्णांना खुर्चीतून कंपन, काहींना त्याच खुर्चीत बसून नुसते निसर्गाचे शांत आवाज. रोज अर्धा तास, चार आठवडे. कंपनवाल्यांच्या हालचाली सुधारल्या. आवाजवाल्यांच्याही सुधारल्या, आणि दोघांत ठाम म्हणावा असा फरक निघाला नाही.

इथे कुणी म्हणेल, मग हा सगळा मनाचा खेळ. पार्किन्सन्समध्ये ते इतकं सोपं नाही. 2001 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी रुग्णांना औषध म्हणून नुसतं मिठाचं पाणी टोचलं आणि मेंदूचं चित्रण केलं, तेव्हा त्यांच्या मेंदूत डोपामाइन खरोखर सुटताना दिसलं. ज्या रसायनाच्या कमतरतेचा हा आजार, तेच रसायन आशेनेही पाझरतं. म्हणून या आजारात ‘मला फरक पडला’ हे वाक्य खोटं नसतं. त्यावरून फरक यंत्राने पडला की अपेक्षेने, एवढंच कळत नाही.

यापुढे वाट दुभंगते, आणि घरगुती यंत्रांबद्दल बोलताना लोक नेमकं हेच विसरतात. शार्कोंपासून पाटापर्यंतची सगळी यंत्रं अंग हलवणारी. हातमोज्यामागचा विचार वेगळ्या घरातला आहे. फ्रान्समधल्या ग्रनोबलला डॉक्टर अलिम-लुई बेनाबिद यांनी 1987 मध्ये मेंदूत खोलवर तार घालून विजेचे झटके देण्याची आधुनिक पद्धत सुरू केली. पार्किन्सन्समध्ये मेंदूतल्या पेशींचे गट वाजवीपेक्षा जास्त एका ठेक्यात पडतात, हे पुढे स्पष्ट होत गेलं. जर्मनीत संशोधक पीटर टास यांनी त्यावरून गणित मांडलं: सगळ्यांना एकदम झटका देण्याऐवजी वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या क्षणी हलका टोला द्यायचा, म्हणजे तो ठेका मोडेल आणि मेंदू हळूहळू तो विसरेल. भजनी मंडळात सगळे एकाच चुकीच्या तालात अडकले की प्रत्येकाच्या खांद्यावर वेगळ्या क्षणी थाप मारावी, तसं. पुढे स्टॅनफर्डला गेल्यावर त्यांनी हेच टोले डोकं न उघडता, बोटांच्या टोकांतून द्यायचं ठरवलं. मेंदूत बोटांच्या स्पर्शाला भरपूर जागा आहे, आणि प्रत्येक बोटाचा पत्ता वेगळा.

2018 मध्ये पाच रुग्णांवर तीन दिवसांचा पहिला प्रयोग प्रसिद्ध झाला, 2021 मध्ये आणखी काही रुग्णांवर कित्येक महिन्यांचा. निकाल उत्साह वाढवणारे होते, पण रुग्ण मूठभर, आणि आपल्याला काय मिळतंय हे त्यांना माहीत होतं. शोधनिबंधांत आकडे मात्र उघड छापले गेले: 250 हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला 250 वेळा होणारं, कंपन, दर टोला 100 मिलिसेकंदांचा, चारही बोटांवरून क्रम बदलत सेकंदाला दीड फेरी, तीन फेऱ्या चालू आणि दोन बंद, दिवसातून दोनदा दोन-दोन तास. प्रयोगशाळेतले मोजे दुकानात मिळत नव्हते आणि कृती मात्र छापील हाती होती. ज्याच्या घरात सोल्डरिंगची गन आहे, तो अशा वेळी गप्प बसेल?

त्याआधीच एका घड्याळाने लोकांच्या मनात घर केलं होतं. 2016 मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमासाठी मायक्रोसॉफ्टच्या हाययान झांग यांनी, वयाच्या 29व्या वर्षी पार्किन्सन्सचं निदान झालेल्या डिझायनर एमा लॉटन यांच्या मनगटासाठी छोट्या मोटरींचा घड्याळासारखा पट्टा केला. तो बांधून एमा यांनी कागदावर आपलं नाव नीट लिहिलं, ते दृश्य जगभर फिरलं. ब्रिटनमध्ये छातीवर चिकटवायचं ठोके देणारं यंत्र काढणाऱ्या कंपनीने तर शार्कोंवरून आपलं नावच चार्को ठेवलं.

आता पुन्हा त्या मोज्याकडे. घरी बनवणारे बहुतेक सुरुवात करतात ती स्वस्त चकतीच्या मोटरीने. तिच्या आत एका बाजूला जड असलेलं चाक फिरतं. या मोटरीचा दोष असा की वेग आणि जोर एकमेकांना बांधलेले. वारंवारिता वाढवायला गेलं की धक्काही वाढतो. शिवाय चाकाला पूर्ण वेग घ्यायला कित्येक मिलिसेकंद लागतात, थांबायलाही लागतात. 100 मिलिसेकंदांच्या टोल्यातला मोठा वाटा सुरू होण्यातच जातो आणि बोटाला जाणवते ती नुसती घरघर. म्हणून जाणकार स्प्रिंगवर मागेपुढे हलणारी, लीनियर रेझोनंट जातीची मोटर घेतात, अलीकडच्या मोबाईलमध्ये असते तसली. ती झटकन उठते आणि झटकन बसते, पण तिचा स्वतःचा एक सूर असतो, बहुतेकदा 250 हर्ट्झच्या खालचा. त्यावर लावली तरच जोर येतो. 250 हा आकडा हवेतून आलेला नाही. त्वचेखाली पॅसिनियन नावाची कंपन टिपणारी ग्राही असतात, ती त्याच पट्ट्यात सर्वांत तल्लख. तेव्हा मालिशच्या यंत्रावर हात ठेवून ‘मोज्याचा उपचार’ केला असं म्हणणारा माणूस फार तर शार्कोंच्या खुर्चीत बसलेला असतो, टास यांच्या मोज्यात नाही. मेंदूत तार बसवलेल्यांनी किंवा पेसमेकर असलेल्यांनी हे यंत्र स्वतःच्या हिकमतीवर लावू नये. आणि मोज्याच्या भरवशावर गोळी कमी करणं तर कोणाच्याच हिताचं नाही.

घरच्या प्रयोगाची खरी अडचण मोटरीपेक्षा मोजमापात आहे. गोळी घेतल्यावर तासाभरात हात वेगळा असतो आणि ती उतरताना वेगळा. सकाळी मोजा नसताना आणि दुपारी मोजा काढल्यावर काढलेली अक्षरं शेजारी ठेवून काही कळत नाही. काही घरांत म्हणून एक वही असते. रोज त्याच गोळीनंतर तितक्याच मिनिटांनी भोवऱ्यासारखी गोल गोल फिरत जाणारी एक रेघ काढायची, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून सेकंद लिहायचे. आणखी पक्कं करायचं तर बोर्डावर दोन प्रोग्राम भरायचे, एक शोधनिबंधातल्या क्रमाचा आणि एक सगळी बोटं एकदमच वाजवणारा, आणि आज कुठला चालू आहे ते घरातल्या दुसऱ्या कोणीतरी चिठ्ठीवर लिहून, महिना संपेपर्यंत डब्यात बंद ठेवायचं.